काकासाहेबांची चार मिनिटं

विष्णुपंत सरांवर मी जेवढी चिडले, तेवढी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नाही, आणि माझा नवरा जीशान काही साधा माणूस नाही. सर निवृत्त हेडमास्तर, आता आमच्या ‘रेडिओ माळरान’चे केंद्रप्रमुख. पाथर्डीच्या अलीकडे एका संस्थेच्या इमारतीत दोन खोल्या, गच्चीवर टॉवर आणि बारा किलोमीटरचा टप्पा, एवढंच आमचं साम्राज्य. तेरावा किलोमीटर लागला की आमचा आवाज खरखरतो आणि विरून जातो. पण सरांचे नियम ऐकाल तर वाटेल, दिल्लीपर्यंत सगळे कान लावून बसलेत.

मोबाईल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. चपला दाराबाहेर. पाण्याची बाटली टेबलावर नाही, खाली. इथवर ठीक होतं. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या आणि सरांनी नवीन नियम काढला. उमेदवारांची चर्चा लावायची ती सगळे उमेदवार आले तरच. एक जरी आला नाही तरी चर्चा रद्द.

“सर, एखादा मुद्दामच नाही आला तर?” मी विचारलं.

“तर कोणीच नाही. एकाला बोलू द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे आपल्याकडं होता कामा नये, मेहरीन.”

म्हणजे ज्याला उत्तर द्यायचं नाही, त्याने फक्त घरात पाय पसरून पडायचं! हे शेंबड्या पोरालाही कळेल. सरांना कळत नव्हतं. कळत असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

मला घाई होती ती खडकपिंपळची. गाव आमच्या केंद्रापासून अकरा किलोमीटर, म्हणजे आमच्या टप्प्यातलं शेवटचं. अर्धं गाव दसरा झाला की ऊसतोडीला जातं ते थेट उन्हाळ्यात परत येतं. तिथल्या लंकाबाई तोडीला जाणाऱ्या. नवरा वारलेला, थोरला मुलगा आणि त्या मिळून एक कोयता. कोयता म्हणजे तोडणारी जोडी. धाकटी आरती दहावीला. घरात म्हातारं-कोतारं कोणी नाही. मग पोरीला ठेवायचं कुठं?

सोय तशी झालेली होती, याचाच तर मला संताप. एक संस्था धान्य द्यायला तयार होती, गावातल्या दोन बाया स्वयंपाकाला तयार होत्या, शाळेच्या बाई मुक्कामाला राहणार होत्या. अठरा पोरी आणि सात पोरं गावातच राहून शाळा शिकणार होती. हवी होती फक्त जागा. जागाही होती. गावचं सभागृह, पक्कं, संडास-बाथरूमसकट. पण त्याला कुलूप. आत काकासाहेबांच्या पुतण्याचा मंडपाचा माल, म्हणजे लोखंडी पाइप, खुर्च्या आणि कापडाचे गठ्ठे. काकासाहेब आधी दहा वर्षं सरपंच. मुदत संपली, प्रशासक आला, तरी चावी काकासाहेबांच्याच खिशात राहिली. आता ते परत उभे होते. समोर एकच उमेदवार, जीप चालवणारा कानिफनाथ.

मी रेकॉर्डर घेऊन गेले तेव्हा लंकाबाई कोयत्याला नवी मूठ बसवत होत्या. बोलायच्या आधी त्यांनी मला चहा दिला आणि मग माणसाचा हात धरावा तसा रेकॉर्डर जवळ ओढला.

“काकासायेब, म्या लंकाबाई बोलती. सभागृहाची चावी कवा देनार तेवढं सांगा. माजी पोरगी दहावीला हाय. जागा न्हाई मिळाली तर तिला संगं न्यावी लागंल, आन एकदा का पोरगी फडात गेली की ती परत शाळंत येत न्हाई, हे तुमालाबी ठावं हाय. दुसरं काय मागत न्हाई. चावी द्या.”

मागून आरती हळूच म्हणाली, “तारीख इचार की आई, तारीख.”

“हां. आन तारीख सांगा.”

रेकॉर्डर बंद केला तसं लंकाबाईंनी माझा हात धरला. “हे बग मेहरीन, मत टाकूस्तवर आमी मानसं. एकदा बोटाला शाई लागली की गरज सरो, वैद्य मरो. तवा इचारायचं तर आत्ताच इचार.”

“विचारते मावशी. आणि नुसतं विचारत नाही, उत्तर घेऊनच सोडते,” मी म्हणाले. बोलायला माझं काय जात होतं?

कानिफनाथ पहिल्याच बोलावण्याला आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, घामाने भिजला, पण सरळ बोलला. “निवडून आलो तर त्या दिवशी कुलूप उघडतो. न्हाई उघडलं तर तोडतो.” सरांनी ‘तोडतो’ काढायला लावलं. राहिलं ‘उघडतो’. चार मिनिटं बरोबर.

काकासाहेबांना पहिली तारीख दिली, ते दशक्रियेला गेले. दुसरी दिली, ते लग्नाला गेले. पितृपक्षात कोणाचं लग्न होतं, हे विचारायची सोय नव्हती. तिसऱ्या तारखेला मी स्वतः दारात गेले. ते ओसरीत पेपर वाचत होते.

“ताई, आपलं काम बोलतं. आपन कशाला बोलायचं?” ते हसून म्हणाले. मला चहा, बिस्किटं, सगळं दिलं. उत्तर सोडून सगळं.

परत आले ती तणतणतच. “सर, तो माणूस तुमच्या नियमाच्या आड लपलाय. तुम्ही नियम नाही केलात, त्याला छत्री दिलीत!”

सर चष्मा पुसत राहिले. त्यांना राग येत नाही हे तर त्याहून वाईट. समोरचा भांडतच नसेल तर माणसाने चिडून तरी किती चिडायचं? पालथ्या घड्यावर पाणी. मी दारापर्यंत गेले आणि तिथून सुचेल ते बोलले.

“बरं, वेळ सारखा द्यायचा ना? देऊ. कानिफनाथला चार मिनिटं, काकासाहेबांना चार मिनिटं. त्यांच्या चार मिनिटांत आपण कोणी बोलायचं नाही. शब्द नाही, गाणं नाही. ते गप्प आहेत ना? मग त्यांचं गप्प राहणंच लावू या.”

मला वाटलं सर हसतील. त्यांनी चष्मा घातला, नियमांची वही काढली, दोन पानं वाचली आणि म्हणाले, “नियमात बसतं.”

या अल्ला! मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

कार्यक्रम मी जिवापाड तयार केला. आधी लंकाबाईंचा प्रश्न. मग कानिफनाथ. मग माझा आवाज: “आता पुढची चार मिनिटं काकासाहेबांची. चावीचं उत्तर त्यांच्याकडूनच ऐकू या.” मग चार मिनिटं शांतता. आणि शेवटी परत मी: “ही होती काकासाहेबांची चार मिनिटं. आपण काय ऐकलंत, ते मतदानाच्या दिवशी लक्षात ठेवा.” हे शेवटचं वाक्य मी सात वेळा रेकॉर्ड केलं. टोचलं पाहिजे ना.

प्रचाराचा शेवटचा दिवस. प्रचार संध्याकाळी सहाला बंद होणार, आमचा कार्यक्रम पाचला. सर केंद्रावर बसले, मी स्कूटीवरून खडकपिंपळला गेले. मला काकासाहेबांचा चेहरा बघायचा होता. खोटं कशाला बोलू?

मारुतीच्या पारावर कोणीतरी रेडिओला मोठा स्पीकर जोडला होता. तोडीचे लोक एका बाजूला, काकासाहेबांची माणसं दुसऱ्या बाजूला, स्वतः काकासाहेब मधे खुर्चीवर. लंकाबाई आणि आरती पाराच्या पायरीवर बसल्या होत्या. प्रश्न वाजला तेव्हा आरतीने आईच्या पदरात तोंड लपवलं. कानिफनाथचं बोलणं झालं, टाळ्या पडल्या. मग माझा आवाज आला, काकासाहेबांची चार मिनिटं.

आणि शांतता.

आधी लोकांना वाटलं, रेडिओ बंद पडला. कोणीतरी स्पीकरवर थापटी मारली. मग एकेकाला उमगत गेलं. तोडीवाल्यांतला एकजण फिस्सकन हसला. काकासाहेबांनी खुर्चीत जागा बदलली. त्यांच्या कानशिलावरून घाम उतरताना मी या डोळ्यांनी पाहिला. माझं काळीज असं भरून आलं म्हणून सांगू.

तेवढ्यात मृदंग वाजला.

मला क्षणभर कळेचना. मग टाळ आले, आणि मग खडकपिंपळच्याच भजनी मंडळाचा आवाज. ते भजन कुठून आलं हे सगळ्या पारावर मला एकटीला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी केंद्रावर वीज गेली, अर्धा तास रेडिओ मुका राहिला आणि लोकांनी शिव्या घातल्या. तेव्हा सरांनी मशीन आणि टॉवरला बॅटरी बसवली आणि मशीनवर एक सोय करून घेतली. वीस सेकंद काहीच वाजलं नाही की मशीन आपणहून एक राखीव फाईल लावतं. पुन्हा आवाज सुरू झाला की ती थांबते. कोणती फाईल ठेवायची, ते मी ठरवलं होतं. मीच! सगळ्यांत गोड रेकॉर्डिंग कोणतं, तर खडकपिंपळच्या मंडळाचं. हाताने लावली आणि विसरून गेले. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी सरांना फोन लावला. रिंग जात राहिली. फोन कुठं असणार? बाहेरच्या ट्रेमध्ये! नियम!

पारावर एका म्हातारबुवांनी हात जोडले. मग दुसऱ्यांनी. आपल्याच गावचा आवाज, कोणाचा बाप त्यात गातोय, कोणाचा भाऊ टाळ वाजवतोय. बाया पदर डोक्यावर घेऊन डोलायला लागल्या. काकासाहेबही आधी गोंधळले होते, ते मी पाहिलं. पण माणूस राजकारणात उगीच नाही मुरला. त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर ठेका धरला.

भजन अधल्यामधल्या ओळीवर तुटलं आणि माझा स्वतःचा आवाज स्पीकरमधून कडाडला: “ही होती काकासाहेबांची चार मिनिटं. आपण काय ऐकलंत, ते मतदानाच्या दिवशी लक्षात ठेवा.”

टाळ्या! अशा टाळ्या की पारावरची कबुतरं उडाली.

“अहो ते त्यांनी नाही लावलं!” मी ओरडले. “ते मशीननं लावलं! आपोआप!”

“मशीन आपोआप भजन म्हनतंय व्हय, ताई?” कोणीतरी म्हणालं, आणि सगळा पार हसला.

“दुसऱ्याचं उनंदुनं काडन्यापरीस देवाचं नाव घेतलं मानसानं. लई मोठं मन,” म्हातारबुवा म्हणाले.

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत सुटले. जितकं सांगू तितकं लोकांना वाटे, ही कानिफनाथची माणूस. काकासाहेब शेवटी उठले आणि सगळ्यांसमोर मला हात जोडून म्हणाले, “ताई, तुमचे उपकार हायेत.” करायला गेले काय, आणि झालं काय!

स्कूटी ताणत केंद्रावर आले. सर माझीच वाट बघत उभे होते, चेहरा पडलेला; भजन लागल्यावर काय दाबायचं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

“सर, आत्ताच्या आत्ता खुलासा वाचायचा. भजन आमच्या मशीननं लावलं, काकासाहेबांनी उत्तर दिलेलं नाही. दोन वाक्यं. माईक द्या.”

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“प्रचार संपला, मेहरीन. आता उमेदवाराचं नाव घेता येणार नाही.”

“चूक आपली आहे!”

“हो. आणि आता ती दुरुस्त करता येत नाही.”

मी वही उचलून भिंतीवर फेकली. नियमांची वही. सरांनी ती उचलली, पानं सरळ केली आणि जागेवर ठेवली. तेव्हा मला त्यांची दया आली नाही.

काकासाहेब एकेचाळीस मतांनी निवडून आले. मी दुसऱ्याच दिवशी चावी मागायला गेले. पेढा हातावर ठेवत म्हणाले, “देनारच की. पन आता ठराव घ्यावा लागंल. दिवाळीनंतर पहिली मीटिंग, तवा बघू.” टोळ्या दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी निघणार होत्या. वरातीमागून घोडं!

निघायच्या दिवशी मी ट्रकपाशी गेले. भांडी, सरपण, कोंबड्या, वर माणसं. आरती दप्तर पोटाशी धरून बसली होती. मी खाली उभी राहून काय बोलावं ते शोधत होते, तर लंकाबाईच म्हणाल्या, “तुजा दोष न्हाई गं. तू इचारलंस. म्या ऐकलं.”

“उत्तर नाही मिळालं मावशी.”

“मिळालं की फोन कर. तिकडं तुजा रेडिओ लागत न्हाई.”

त्या रात्री जेवण गेलं नाही. जीशान म्हणाला, “तू काय गावाची सरपंच आहेस का?” त्याच्याशीही भांडले. दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे मशीनमधली राखीव फाईल बदलली. भजन काढलं आणि लंकाबाईंचा प्रश्न ठेवला. कोणाला सांगितलं नाही. महिनाभर कोणी वीस सेकंद गप्प बसलंच नाही, आणि वीजही मेली जात नव्हती. एरवी दिवसातून चारदा जाते.

दिवाळी झाली. सरांनी नवा कार्यक्रम काढला, नव्या सरपंचांशी थेट गप्पा. सगळ्यांना सारखी वीस मिनिटं. काकासाहेब या वेळी बोलावण्याआधीच हजर झाले, फेटा बांधून. काचेपलीकडे सर मशीनवर, अलीकडे आम्ही दोघं.

रस्ता झाला, गटार झालं, पाणी झालं. त्यांचं बोलणं ऐकून वाटावं, खडकपिंपळ म्हणजे सिंगापूर. मग मी विचारलं, “काकासाहेब, सभागृहाची चावी कधी देणार?”

“त्याचं असं हाय ताई, विकास ही एक—”

“तारीख सांगा.”

ते थांबले. माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही. एरवी आम्ही रेडिओवाले गप्प राहणाऱ्याला लगेच हात देतो, दुसरा प्रश्न टाकतो. मी ओठ मिटून घेतले आणि मनात मोजायला लागले. पाच. दहा. काकासाहेबांना वाटत होतं मी बोलेन, मला वाटत होतं सर काचेपलीकडून काहीतरी दाबतील. मी सरांकडे पाहिलं. त्यांचं बोट बटणाजवळ गेलं. मग त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. अठरा. एकोणीस.

“काकासायेब, म्या लंकाबाई बोलती. सभागृहाची चावी कवा देनार तेवढं सांगा. माजी पोरगी दहावीला हाय...”

आवाज खोलीतल्या स्पीकरमधून आला, हेडफोनमधून आला, आणि खडकपिंपळच्या पारापर्यंत गेला. काकासाहेबांनी दचकून मागे पाहिलं, जणू बाई दारात उभी आहे. मग वैतागून फटकन बोलले.

“अहो पन ती बाई तर गेली की तोडीला! पोरगीबी गेली. बाकीची पोरंबी गेली. आता चावी द्यायची तर कुनाला?”

माईक चालू होता. बोलल्यावर त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण फेट्याखाली चेहरा उतरला. पण शब्द गेला तो गेला. कार्यक्रम संपला, ते चहा न घेता गेले. सर बाहेर आले. मला वाटलं आता वहीतलं पान वाचतील.

“शांतता झाली तर राखीव फाईल लागते. नियमच आहे तो,” ते म्हणाले, आणि ट्रेमधला माझा मोबाईल त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिला.

मी लंकाबाईंना फोन लावला. दिवस मावळत होता. पलीकडे ट्रॅक्टर धडधडत होता, मोळ्या टाकल्याचा आवाज येत होता, आणि त्या फोन धरूनच कोणाला तरी ओरडत होत्या, “आरते, पाचट सरळ धर, हात कापंल!” मग माझ्याशी बोलल्या. आवाजात धाप होती, आणि या अल्ला, आनंद होता.

“मेहरीन! आलं व्हय उत्तर? काय म्हनला गं?”

मी तोंड उघडलं.

“मेहरीन? अगं बोल की. गप का झालीस?”